अमेरिकेतली आरोग्याची वांशिक दरी: सरकारी प्रयत्नांपैकी चाललं काय आणि फसलं काय

प्रश्न असा आला होता: "अमेरिकेत कृष्णवर्णीय, मूळ अमेरिकन, लॅटिनो लोकांच्या आणि गोऱ्यांच्या आरोग्यात एवढी तफावत आहे, तर तिथलं सरकार इतकी वर्षं करतंय तरी काय? कशाचा उपयोग झाला का, की सगळं अहवालांपुरतंच? आणि आपण भारतीय यात कुठे येतो?"

मी अमेरिकेतल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य विभागात एकवीस वर्षं काढली. पहिली आठ आकडेवारीच्या टेबलावर, बाकीची फिल्डवर, म्हणजे बाळंतिणींच्या घरी जाणाऱ्या टीमबरोबर. त्या अनुभवावरून सांगतो: उपयोग झाला. पण ज्याचा गाजावाजा झाला त्याचा कमी आणि ज्याची फारशी बातमीही झाली नाही त्याचा जास्त. लोकांना जागरूक करा, डॉक्टरांना संवेदनशील करा अशा मोहिमांनी आकडे फारसे हलले नाहीत. पैसे अडवले, औषध दारात नेलं, फॉर्म्युला बदलला, तिथे हलले.

आधी तफावत केवढी ते बघू. २०२१ साली मूळ अमेरिकनांचं सरासरी आयुर्मान ६५.२ वर्षांपर्यंत घसरलं. त्याच वर्षी गोऱ्यांचं ७६.४ होतं आणि कृष्णवर्णीयांचं ७०.८. कोविडचं वर्ष होतं हे खरं, पण कोविडनेही सगळ्यांना सारखं मारलं नाही. बाळंतपणाचे आकडे घ्या. २०२३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू ५०.३, गोऱ्या मातांचे १४.५. गरिबी असेल, शिक्षण कमी असेल, असं चटकन मनात येतं. सीडीसी या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने २००७ ते २०१६ या काळातले गरोदरपणाशी संबंधित मृत्यू तपासले तेव्हा पदवीधर कृष्णवर्णीय बाईचा मृत्युदर शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बाईच्या १.६ पट निघाला. टेबलावरच्या आठ वर्षांत शेकडो तक्ते पाहिले, पण नंतर हा आकडा वाचला तेव्हा जेवढा अस्वस्थ झालो तेवढा कधीच झालो नव्हतो.

"हे जनुकांमुळे नसेल कशावरून?" हा प्रश्न पाठोपाठ येतोच. सिकलसेलसारखे काही आजार जनुकीय आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण पुढे डेलावेअरचं उदाहरण देणार आहे, तिथे एका कॅन्सरमधली दरी आठ वर्षांत जवळजवळ मिटली. आठ वर्षांत कोणाची जनुकं बदलत नाहीत.

आता सरकारने काय केलं. बहुतेक लेख १९८५ पासून सुरुवात करतात. मी १९६६ पासून करतो, कारण माझ्या मते या विषयात अमेरिकन सरकारने केलेलं सगळ्यात परिणामकारक काम त्या वर्षीचं आहे आणि त्यात आरोग्य शिक्षण नावालाही नव्हतं.

पार्श्वभूमी अशी. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने केंद्राचा पैसा हॉस्पिटलं बांधायला दिला आणि त्याच कायद्यात 'वेगळं पण समान' ही पळवाट ठेवली. म्हणजे सरकारी पैशाने बांधलेल्या हॉस्पिटलात कृष्णवर्णीयांचा वॉर्ड वेगळा, बहुतेक वेळा तळघरात किंवा मागच्या बाजूला, आणि कित्येक ठिकाणी प्रवेशच नाही. उत्तर कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोचे दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांचे सहकारी याविरुद्ध कोर्टात गेले. १९६३ मध्ये अपील कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा आला, त्याच्या सहाव्या प्रकरणात म्हटलं होतं की केंद्राचा पैसा घेणाऱ्याला वंशावरून भेदभाव करता येणार नाही. कायदा झाला, पण दक्षिणेतली हॉस्पिटलं ढिम्म. मग १९६५ मध्ये मेडिकेअर मंजूर झालं, म्हणजे ६५ वर्षांवरच्या माणसांच्या उपचारांचा खर्च केंद्र सरकार देणार. १ जुलै १९६६ पासून पैसे सुरू होणार होते आणि अट एकच: वॉर्ड एकत्र करा, मगच बिल पाठवा.

अट कागदावर राहू नये म्हणून केंद्रीय आरोग्य खात्याने इकडून तिकडून माणसं गोळा करून तपासणीला पाठवली. हे लोक हॉस्पिटलात जाऊन खोल्या बघायचे, दोन खाटांच्या खोलीत कोण कोणाशेजारी आहे ते बघायचे. काही ठिकाणी रक्तपेढीतलं रक्तसुद्धा वंशानुसार वेगळं ठेवलेलं असायचं. तपासणीच्या दिवशी रुग्णांची अदलाबदल करून देखावा उभा करणारेही होते. तेव्हा तिथल्याच कृष्णवर्णीय आया, वॉर्डबॉय, स्वयंपाकघरातली माणसं खरं काय चालतं ते तपासनिसांच्या कानावर घालायची. जी गोष्ट दहा वर्षांच्या खटल्यांनी झाली नव्हती ती काही महिन्यांत झाली, हजारावर हॉस्पिटलांचे वॉर्ड एक झाले. अर्थतज्ज्ञांनी नंतर मिसिसिपीच्या नोंदी तपासल्या. जुलाब आणि न्यूमोनियाने मरणाऱ्या कृष्णवर्णीय तान्ह्या मुलांची संख्या नेमकी या काळात झपाट्याने उतरलेली दिसली. हे दोन्ही आजार असे आहेत की मूल वेळेत हॉस्पिटलात पोचलं तर वाचतं.

त्याच सुमारास मिसिसिपीतच माउंड बायू नावाच्या गावात जॅक गायगर या डॉक्टरांनी केंद्र सरकारच्या पैशावर आरोग्य केंद्र उभं केलं. कुपोषित मुलं आली की ते औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाज्या, मांस लिहून द्यायचे. गावातले दुकानदार ती चिठ्ठी घेऊन सामान द्यायचे आणि बिल आरोग्य केंद्राच्या औषधांच्या बजेटमधून भागायचं. वरून आक्षेप आला, तेव्हा गायगर यांनी उत्तर दिलं की माझ्या पुस्तकात तरी कुपोषणावरचा उपचार अन्न असाच दिलेला आहे. त्या केंद्राने विहिरी खोदल्या, संडास बांधले, सहकारी शेतीही करवली. आज देशभर अशा प्रकारची सुमारे १४०० आरोग्य केंद्रं आहेत आणि वर्षाला तीन कोटींहून जास्त लोक तिथे जातात. विमा नसला तरी उत्पन्न बघून फी आकारतात. माझ्या फिल्डच्या नोकरीत मी दुसऱ्या कुठल्याही योजनेपेक्षा या केंद्रांवर जास्त विसंबून राहिलो.

आता १९८५. रेगन यांच्या मंत्रिमंडळातल्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी अहवाल प्रसिद्ध केला. अल्पसंख्याकांचे मृत्युदर गोऱ्यांइतके असते तर टळले असते असे वर्षाला ६०,००० मृत्यू त्यात मोजले होते. आकडा जबरदस्त होता आणि सरकारी शिक्क्यानिशी आला होता, म्हणून त्याचं महत्त्व. दुसऱ्या वर्षी अल्पसंख्याक आरोग्य कार्यालय निघालं. पण उपाय काय सुचवले, तर भर माहिती देण्यावर, शिक्षणावर आणि समन्वयावर. नवीन पैशाची मागणीच नाही. टीकाकारांनी तेव्हाच विचारलं होतं की ६०,००० मृत्यू काय पत्रकं वाटून थांबणार आहेत? या अहवालाबद्दल माझं मत जरा दुभंगलेलं आहे. टेबलावर असताना मला तो पायाचा दगड वाटायचा. फिल्डवर गेल्यावर कळलं की पुढची पंचवीस वर्षं आम्ही त्यातली चूक गिरवत होतो.

त्याचा पुरावाही सरकारनेच दिला. 'हेल्दी पीपल २०१०' या राष्ट्रीय उद्दिष्टपत्रात आरोग्यातली विषमता 'संपवणं' हे ध्येय ठेवलं होतं, कमी करणं नव्हे. दहा वर्षांनी हिशेब झाला, तेव्हा सुमारे ८० टक्के उद्दिष्टांमध्ये विषमता जिथल्या तिथे होती आणि आणखी काहींमध्ये वाढली होती. दरम्यान काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, सांगण्यावरून इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या तज्ज्ञांच्या संस्थेने मोठा अभ्यास केला. विमा सारखा, उत्पन्न सारखं, आजार सारखा असला तरी अल्पसंख्याक रुग्णाला मिळणारी सेवा कमी दर्जाची असते, हे त्यांनी २००३ मध्ये साधार मांडलं. निदान चांगलं होतं. त्यातून पुढे पूर्वग्रहावरच्या प्रशिक्षणाची लाट आली आणि काही राज्यांनी ते सक्तीचंही केलं. आमच्याकडेही तासाभराचं ऑनलाइन मॉड्यूल आलं. शेजारच्या खिडकीत ईमेल उघडी ठेवून मी ते पूर्ण केलं, शेवटच्या दहा प्रश्नांपैकी नऊ बरोबर आले, प्रमाणपत्र छापून फाइलला लावलं. त्याने कोणाचा रक्तदाब एका अंकाने तरी उतरला असेल असं मला वाटत नाही.

रक्तदाबावरून आठवलं. सरकारी पैशातून झालेला एक प्रयोग मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो. लॉस एंजेलिसमधली ५२ कृष्णवर्णीय केशकर्तनालयं, रक्तदाब वाढलेले ३१९ पुरुष. अर्ध्या दुकानांत न्हाव्याने गिऱ्हाइकाला समजावलं: बाबा रे, रक्तदाब जास्त आहे, डॉक्टरकडे जा, खाणंपिणं सांभाळ. उरलेल्या दुकानांत खास प्रशिक्षण घेतलेला फार्मासिस्ट येऊन बसला. तो खुर्चीतच रक्तदाब मोजायचा, डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीने औषध लिहून द्यायचा, पुढच्या वेळी डोस बदलायचा. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी ९.३ ने उतरला, दुसऱ्याचा २७ ने. निकाल २०१८ मध्ये आले. न्हावी दोन्हीकडे तेवढाच विश्वासाचा होता आणि सल्लाही चांगला होता. १७-१८ अंकांचा फरक दुकानात बसून औषध देणाऱ्या माणसाचा. आमच्या क्षेत्रात 'समाजाचा विश्वास संपादन करणे' हा शब्दप्रयोग इतका चालतो की विश्वास संपादन करून पुढे द्यायचं काय, हे विचारायचंच राहून जातं.

डेलावेअर हे छोटंसं राज्य. तिथे कृष्णवर्णीयांमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे मृत्यू गोऱ्यांपेक्षा बरेच जास्त होते. २००२ च्या सुमारास राज्याने ठरवलं की विमा नसलेल्यांच्या कोलोनोस्कोपीचा, म्हणजे नळी घालून आतडं तपासण्याचा, खर्च आपण द्यायचा आणि कॅन्सर निघाला तर उपचाराचाही. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक हॉस्पिटलात मार्गदर्शक परिचारिका नेमली. ती फोन करायची, तारीख ठरवायची, आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधाचं नीट समजावून सांगायची, न्यायला-आणायला कोणी नसेल तर तीही सोय बघायची. ज्यांनी ही तपासणी केली आहे त्यांना माहीत असेल, माणूस गळतो तो याच टप्प्यावर. खर्च कुठून होणार इथपासून भूल दिल्यावर घरी कोण नेणार इथपर्यंत. २००९ पर्यंत कृष्णवर्णीयांमधलं तपासणीचं प्रमाण ४८ वरून ७४ टक्क्यांवर गेलं, गोऱ्यांमधलं ५८ वरून तेवढ्यावरच आलं. कृष्णवर्णीयांमधला या कॅन्सरचा मृत्युदर ४२ टक्क्यांनी घसरून गोऱ्यांच्या जवळजवळ बरोबरीला आला. मोजणी, पैसा आणि फोन करणारी बाई. एवढ्यावर झालं.

मूळ अमेरिकनांचं उदाहरण याहून मोठं आहे आणि याहून कटूही. त्यांच्या उपचारांची जबाबदारी जमिनींच्या बदल्यात झालेल्या करारांनी केंद्र सरकारवर टाकलेली आहे. ती पार पाडणारी यंत्रणा म्हणजे इंडियन हेल्थ सर्व्हिस (इथे 'इंडियन' म्हणजे मूळ अमेरिकन). तिला दरडोई मिळणारा पैसा इतर सरकारी आरोग्य योजनांच्या मानाने फारच कमी. राखीव प्रदेशांत एक म्हण आहे, 'जूननंतर आजारी पडू नका', कारण तोवर बाहेरच्या हॉस्पिटलांना द्यायचे वर्षाचे पैसे संपलेले असतात. अशा यंत्रणेत १९९७ मध्ये काँग्रेसने मधुमेहासाठी वेगळा निधी बांधून दिला. पुढे तो वर्षाला १५ कोटी डॉलर झाला. आपल्याकडे काय चालेल हे त्या-त्या जमातीने ठरवायचं, पण साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या चाचण्यांची नोंद सगळ्यांनी ठेवायची. मूत्रपिंड वाचवणारी रक्तदाबाची औषधं सर्रास दिली जाऊ लागली. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फार्मासिस्ट आणि घरोघर जाणारे कार्यकर्ते एका टीममध्ये आले. १९९६ ते २०१३ या काळात मूळ अमेरिकन प्रौढांमध्ये मधुमेहामुळे मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी घटलं. इतर कुठल्याही गटात एवढी घट झाली नाही. डायलिसिसवर आठवड्यातले तीन दिवस घालवणारा माणूस ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ५४ टक्के म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आणि तरीही हा निधी काँग्रेस कधी दोन वर्षांसाठी, कधी काही महिन्यांसाठी पुढे ढकलत आली आहे. अशाने चांगला आहारतज्ज्ञ टिकवायचा कसा, हे एका आदिवासी क्लिनिकच्या व्यवस्थापिकेने मला विचारलं होतं, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मूत्रपिंडाचाच विषय निघालाय तर फॉर्म्युल्याचं सांगतो, कारण विषमता गणितात कशी दडते हे इथे उघड दिसतं. रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून मूत्रपिंड किती काम करतंय याचा अंदाज काढतात. २००९ चं प्रचलित सूत्र रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणायचं. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत वेळ मोजायला सुरुवात होते ती आकडा २० किंवा त्याखाली गेला की. समजा दोन माणसं, वय, लिंग, क्रिएटिनिन सगळं सारखं. गोऱ्याचा आकडा १८ आला, तो यादीत. कृष्णवर्णीयाचा १८ गुणिले १.१५९, म्हणजे जवळजवळ २१. तो घरी. हे कोणी द्वेषाने केलं नव्हतं, अभ्यासातल्या सरासरीवरून आलं होतं आणि प्रयोगशाळेच्या संगणकात बसलं होतं. २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने वंशाशिवायचं सूत्र सुचवलं. २०२२ मध्ये सरकारी अखत्यारीतल्या राष्ट्रीय प्रत्यारोपण यंत्रणेने जुनं सूत्र वापरायला बंदी केली. पण मला खरं कौतुक वाटतं ते जानेवारी २०२३ च्या नियमाचं: जुने रिपोर्ट काढा, नवीन सूत्राने कोण आधी पात्र ठरला असता ते शोधा आणि तेवढी वर्षं त्याला परत द्या. २०२४ च्या मार्चपर्यंत १४,००० हून जास्त कृष्णवर्णीय रुग्णांच्या खात्यात प्रतीक्षेची सरासरी दोन वर्षं जमा झाली. यादीत दोन वर्षं म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत मूत्रपिंड मिळणं की न मिळणं. आपली चूक मागे जाऊन दुरुस्त करणारी सरकारी यंत्रणा मी क्वचित पाहिली आहे.

आता बाळंतपण, माझं स्वतःचं क्षेत्र. अमेरिकेतल्या दर दहा बाळंतपणांतली सुमारे चार मेडिकेड या गरिबांच्या सरकारी विम्यावर होतात. बऱ्याच बायकांना हा विमा फक्त गरोदरपणापुरता मिळायचा आणि बाळंतपणानंतर ६० दिवसांनी संपायचा. एका घरी मी आणि आमची परिचारिका बाळाचं वजन करायला गेलो होतो. बाळ दोन महिने सहा दिवसांचं, छान बाळसं धरलेलं. परिचारिकेने सहज आईच्या दंडाला पट्टा बांधला, १६८ वर १०४. डोकं दुखतंय का? हो, चार दिवस. गोळ्या? त्या संपल्या, दुकानात गेले तर म्हणाले कार्ड चालत नाही. सहा दिवसांपूर्वी बंद झालं होतं. तिला त्याच दुपारी आरोग्य केंद्रात नेलं, म्हणून निभावलं. गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंपैकी मोठा वाटा बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून वर्षभरात होतो. रक्तदाब, हृदयाचा स्नायू कमजोर होणं, नैराश्य, नशा. म्हणजे ज्या काळात धोका होता नेमका त्याच काळात आपण विमा काढून घेत होतो. २०२१ च्या कायद्याने राज्यांना ही मुदत १२ महिने करायची मुभा दिली, २०२२ च्या एप्रिलपासून ती लागू झाली आणि आता बहुतेक सगळ्या राज्यांनी ती घेतली आहे. आमच्या टीमच्या दृष्टीने याहून मोठा बदल झाला नाही.

कॅलिफोर्नियाचा दाखला इथे द्यायला हवा, कारण तो जरा गुंतागुंतीचा आहे. तिथे राज्य आणि हॉस्पिटलांनी मिळून रक्तस्रावासाठी ठरीव पद्धत आणली: सगळं सामान एका ढकलगाडीत तयार, गेलेलं रक्त डोळ्यांनी न अंदाजता तोलायचं, किती गेल्यावर कोणाला बोलवायचं ते लिहिलेलं. २००६ ते २०१३ मध्ये राज्यातले मातामृत्यू निम्म्याहून कमी झाले. पण कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मातांमधली दरी तशीच राहिली, दोघींचे आकडे उतरले इतकंच. नंतर रक्तस्रावामुळे होणाऱ्या गंभीर गुंतागुंतींपुरतं पाहिलं, तेव्हा मात्र जिथे ही पद्धत काटेकोर राबवली तिथे दरीही कमी झालेली आढळली. माझा अंदाज असा की 'मला बरं वाटत नाहीये' हे बाईने सांगायचं आणि ते कोणीतरी मनावर घ्यायचं, यावर जितकं कमी अवलंबून तितका पूर्वग्रहाला वाव कमी. तराजूला बाईचा रंग दिसत नाही.

भाषेचंही थोडक्यात. २००० साली क्लिंटन यांनी काढलेल्या आदेशाने केंद्राचा पैसा घेणाऱ्यांना इंग्रजी न येणाऱ्यांची सोय करणं भाग पाडलं आणि २०१० च्या आरोग्य कायद्याने ते आणखी पक्कं केलं. दुभाषा फुकट मिळणं हा रुग्णाचा हक्क झाला आणि पुढे मुलांना दुभाषा म्हणून वापरायलाही मनाई आली. चैन वाटते का ही? गोळीच्या बाटलीवर दिवसातून 'वन्स' (once) असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. स्पॅनिशमध्ये त्याच चार अक्षरांचा उच्चार 'ओन्से' आणि अर्थ अकरा. तो २००० चा आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला, कायद्यातली तरतूद मात्र अजून आहे.

२०२५ चा विषय टाळता येणार नाही. मार्चअखेर आरोग्य खात्याने १०,००० पदं कमी करण्याचं जाहीर केलं, त्यात अल्पसंख्याक आरोग्याची कार्यालयंही सापडली. बाळंतिणींना प्रश्न विचारून माहिती जमवणारं, १९८७ पासून चालू असलेलं प्रॅम्स सर्वेक्षण चालवणाऱ्या टीमला एप्रिलमध्ये रजेवर पाठवलं. जुलैमध्ये झालेल्या कायद्याने मेडिकेडवरच्या बऱ्याच प्रौढांना कामाचे तास दाखवण्याची अट घातली. लोक मला विचारतात, कार्यालयं बंद झाल्याचं दुःख होतं का? काही कार्यालयांचं फारसं होत नाही, खरं सांगतो. मेडिकेडचं आणि प्रॅम्सचं होतं. मेडिकेडमधून माणूस बाहेर पडतो तो बहुतेकदा काम करत नसतो म्हणून नाही, फॉर्म वेळेवर पोचला नाही म्हणून. आणि सर्वेक्षण थांबलं की तफावत वाढली की घटली हे सांगायला माझ्या जागी आलेल्या मुलीकडे काही उरणार नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आपण भारतीय कुठे येतो. बरीच वर्षं आपण 'एशियन' या एका रकान्यात होतो. २०२१ मध्ये एशियन लोकांचं सरासरी आयुर्मान ८३.५, सगळ्यांत जास्त, त्यामुळे यांना काही प्रश्नच नाहीत असा समज. या एका सरासरीत चिनी, जपानी, व्हिएतनामी, भारतीय सगळे कालवलेले असतात. मी टेबलावर असताना दक्षिण आशियाई नावं वेगळी काढून मधुमेहाचा तक्ता मांडला होता, तर आमची रांग कुठल्या कुठे वर गेली. साहेबांना वाटलं चूक झाली, पुन्हा मोजायला लावलं. मुळात तो रकाना भरला कसा जातो हे पाहिलंत तर थक्क व्हाल. एका हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर मी अर्धा दिवस उभा होतो. वंश भरल्याशिवाय संगणक पुढे जात नव्हता, म्हणून क्लार्क मान वर करून चेहरा बघायची आणि भरून टाकायची. मला विचारलं नाही, 'हिस्पॅनिक', म्हणजे लॅटिनो, लावलं होतं. मूळ अमेरिकनांच्या मृत्यूच्या दाखल्यांवर हेच होतं. तिथे वंश अंत्यविधी करणारा भरतो आणि पुष्कळ जण मेल्यावर गोरे होतात, त्यामुळे त्यांचे खरे मृत्यू कागदावर कमी दिसतात.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने रकान्यांचे नियम बदलले. मध्य-पूर्वेच्या लोकांना वेगळी जागा मिळाली आणि एशियनखाली भारतीय, चिनी, फिलिपिनो वगैरे सविस्तर विचारायचं ठरलं. ते सगळीकडे प्रत्यक्षात येईपर्यंत तुम्ही करण्यासारखं इतकंच: फॉर्मवर 'एशियन'वर न थांबता 'एशियन इंडियन' लिहा. घरात आई-वडिलांना इंग्रजी जमत नसेल तर स्वतः भाषांतर करत बसू नका, मराठी दुभाषा मागा, फोनवर मिळतो. आणि मधुमेहाच्या तपासणीसाठी वजनाची जी रेषा बाकीच्यांना बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ ला आखली आहे ती एशियन लोकांसाठी २३ ला धरावी, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशन २०१५ पासून सांगत आलं आहे. २०१८ च्या कोलेस्टेरॉलच्या मार्गदर्शक सूचनांतही दक्षिण आशियाई असणं हे हृदयविकाराचा धोका वाढवणारं कारण म्हणून नोंदलेलं आहे. पुष्कळ डॉक्टरांच्या संगणकात अजून २५ च बसलेलं असतं. तुमचा २४ असेल तर चाचणी आपोआप निघणार नाही, मागून घ्यावी लागेल.